चौथी बाटली

दिलोवासीच्या खाडीवरून वारा फिरला की
रंगाचा, रबराचा, जळक्या कोळशाचा वास
सरळ प्रयोगशाळेत शिरतो. मी खिडकी लावून घेते.
टेबलावर इझमीरहून परत आलेलं रीळ,
खोकल्याच्या औषधाची पारदर्शक लेबलं,
आणि त्यांच्या पाठीवर टाचणीच्या डोक्याएवढी
शेकडो गोल भोकं, जिथे गोंद पोचलाच नाही.
सोबत एका ओळीचं पत्र. सही नाही, नुसता शिक्का.

ॲक्रिलिकचं दूध पाण्यात सुखानं नांदावं म्हणून
त्यात साबणाची जात आम्हीच घालतो
आणि मग फेस येतो म्हणून कपाळाला हात लावतो.
शंभर मिलीच्या स्टीलच्या कपात
एकशेदोन ग्रॅम भरायला हवेत.
भरले एक्याऐंशी.
बाकीची हवा. ती आम्ही गोंदाच्या भावानं विकत होतो.

पहिली बाटली खनिज तेलाची. स्वस्त.
दोन थेंबांत फेस मुकाट खाली बसला.
थर वाळला तेव्हा काचेवर धुकं,
कुणी जवळ येऊन श्वास सोडून गेल्यासारखं.

दुसरी सिलिकॉनची, तापट.
फेस क्षणात गेला, आणि थरावर
माशाचे डोळे उमटले, माझ्याकडे बघत.
पाण्यात राहून माशाशी वैर करू नये, हे मान्य,
पण माझं वैर फेसाशी होतं, मासे उगाच जागे झाले.
डोस अर्धा केला. डोळे निम्मे झाले.
मिटले नाहीत.

तिसरी इतकी गोड, सगळ्यांशी इतकी मिळूनमिसळून
की दुधात साखर होऊन गेली.
फेस होता तिथे होता. तिचा मात्र पत्ता नाही.

चौथीबद्दल विक्रेते तायलान बेय फोनवर म्हणाले,
"ही पूर्ण विरघळत नाही. पूर्ण वेगळीही पडत नाही.
बुडबुड्याची भिंत फोडेल इतकी परकी,
थरात खपून जाईल इतकी आपली."
माझी आई एकोणनव्वदच्या उन्हाळ्यात
दोन बॅगा आणि एक शिलाई मशीन घेऊन
बल्गेरियाची सीमा ओलांडून इकडे आली.
तिकडे ती तुर्क होती, इकडे बरीच वर्षं बल्गेरियाची.
तायलान बेयना मी हे सांगितलं नाही.
वहीत लिहिलं: शून्य दशांश पंधरा टक्के. हळू ढवळणे.

मग पन्नास अंशांच्या भट्टीत आठ दिवस.
पहिल्या दिवशी सगळेच गुणी असतात,
आठव्या दिवशी कळतं कोण टिकलं.
चौथी टिकली. चिकटपणाही जागेवर.

पण रात्रपाळीत टाकीला पुन्हा फेस.
मी डोस वाढवायचा कागद घेऊन खाली गेले.
हाश्मेत उस्तांनी कागद घेतला नाही,
माझी बाही धरून टाकीच्या झाकणाशी नेलं
आणि टॉर्च मारला.
परतीचा पाइप दीड मीटर वरून
टाकीत ओतत होता, दिवसरात्र.
"पोरी, आयरानला फेस कसा आणतात?"
मी म्हणाले, उंचावरून ओतून.
"मग?"

त्यांनी नळीचा तुकडा आणला, दोन क्लिपा,
आणि पाइपाचं तोंड द्रवात बुडवलं.
तो बद्द आवाज थांबला. मला आजवर तो
यंत्राचाच आवाज वाटायचा.
सकाळी कपात एकशेएक ग्रॅम.
चौथीचा डोस एक तृतीयांशावर आला,
आणि मागवलेले तीन ड्रम परत कसे करायचे
हा प्रश्न खरेदी विभागाकडे गेला.

घरी आई जेझवे मंद आचेवर धरून उभी.
आधी फेस चमच्यानं दोन्ही कपांत वाटते,
कॉफी त्याच्या खाली अलगद सोडते.
फेस मोडला तर ती कप पाहुण्यापुढे ठेवत नाही,
स्वतः पिते.
"आज काय केलंस?"
"फेस मारला," मी म्हणाले.
तिनं दचकून माझ्या कपात डोकावून पाहिलं.